प्रवासभत्ता आणि ऋषिऋण

सार्वजनिक पैशाच्या नीतीचा विचार आपण बहुधा मोठ्या रकमांच्या संदर्भात करतो. धरणे, पूल, खरेदीचे करार यांत कोट्यवधी रुपये गुंतलेले असतात आणि तेथे नीती-अनीतीचा भेदही ठळक असतो. चोरी ती चोरीच. परंतु नीतीची सूक्ष्म परीक्षा लहान रकमांपाशी होते, असे मला वाटते. जेथे कोणी चोर नाही, पावती खोटी नाही, नियमाचा भंग नाही, आणि तरीही हा पैसा योग्य कारणी लागला काय, हा प्रश्न मनातून जात नाही, तेथे विचार करणे भाग पडते. महाविद्यालयातील अध्यापकांस परिषदांना व चर्चासत्रांना जाण्यासाठी सरकार, विद्यापीठ किंवा संस्था जे साहाय्य देते, ते अशाच रकमांपैकी एक होय.

अशा साहाय्याचे बिल लेखा-विभागात येते तेव्हा त्याला तिकीट जोडलेले असते, नोंदणी-शुल्काची पावती असते, हजेरीचे प्रमाणपत्र असते. टेबलाशी बसलेला कारकून बेरीज पाहतो, दर पाहतो, सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी पाहतो आणि बिल पुढे पाठवतो. तेथे त्याचे काम संपते. माणूस कोठे गेला, कसा गेला, किती दिवस राहिला, हे सारे त्या कागदांत असते. एकच गोष्ट कोठेही नसते : तो तेथून काय घेऊन आला? ती नोंदवण्यासाठी रकानाच नाही, आणि असता तरी त्यात काय लिहावे हे कोणी सांगू शकले नसते.

यात नियमांचा दोष आहे असे मी म्हणणार नाही. नियमांवर माझी उपजीविका चालते आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील २१ वा नियम ज्यांनी सावकाश वाचला असेल, त्यांना तो हिशेबाच्या पुस्तकातला न वाटता नीतिशास्त्राच्या पुस्तकातला वाटला असेल. साधारण शहाणा मनुष्य स्वतःचा पैसा खर्च करताना जेवढी दक्षता घेतो, तेवढीच दक्षता प्रत्येक अधिकाऱ्याने सरकारी पैशाच्या बाबतीत घ्यावी, असे तो नियम सांगतो. प्रसंगास लागेल त्याहून अधिक खर्च करू नये. मंजुरी देणाऱ्याने स्वतःच्या फायद्याची मंजुरी देऊ नये. आणि भत्ता हा घेणाऱ्याच्या नफ्याचे साधन होऊ नये, हेही तेथे सांगितले आहे. ‘आयजीच्या जिवावर बायजी उदार’ या म्हणीचा यापेक्षा गंभीर प्रतिवाद सरकारी भाषेत सापडणार नाही.

परंतु हा नियम जे मागतो ते आपण कितीसे देतो? शहाणा मनुष्य स्वतःच्या मुलास शिकण्यासाठी परगावी पाठवतो, तेव्हा तो तिकिटाची पावती जपून ठेवून समाधान मानीत नाही. मुलगा परत आल्यावर तो त्याला जवळ बसवून विचारतो, ‘काय पाहिलेस? कोण भेटले?’ सरकारजवळ असा प्रश्न विचारणारे तोंड नाही. म्हणून ते पावतीवर समाधान मानते. नियम चोरीपासून रक्षण करू शकतो. व्यर्थतेपासून करू शकत नाही. ज्या प्रश्नाचा मी विचार करीत आहे तो या मोकळ्या जागेत उभा आहे. जेथे नियमाचा हात पोहोचत नाही, तेथे घेणाऱ्याचे कर्तव्य काय?

विद्वानांस सार्वजनिक द्रव्य द्यावे काय आणि कोणत्या रीतीने द्यावे, हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. पेशवाईत श्रावणमासी पुण्यास दक्षिणा वाटली जाई. दूरदूरचे शास्त्री त्यासाठी येत, आणि विद्येची पारख होऊन त्याप्रमाणे दक्षिणा मिळावी असा त्या प्रथेचा मूळ हेतू होता. पुढे ती रमण्यातील गर्दी झाली आणि विद्येपेक्षा जातीने ब्राह्मण असणे पुरेसे ठरू लागले. १८१८ नंतर इंग्रजांनी तो पैसा एकदम बंद केला नाही. १८२१ साली पुण्यास जी संस्कृत पाठशाळा निघाली, तिचा खर्च या दक्षिणेतूनच भागविण्यात आला; कालांतराने तिचेच डेक्कन कॉलेज झाले. १८४९ साली पुण्यातील काही सुधारणावादी तरुणांनी अर्ज करून दक्षिणेचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांस द्यावा अशी मागणी केली, तेव्हा शहरात मोठी खळबळ उडाली. वाद पैशाचा होता, पण त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता : हे दान आहे, हक्क आहे, की कामाचा मोबदला? दान म्हटले तर घेणाऱ्यावर बंधन राहत नाही. हक्क म्हटला तर देणाऱ्याला पारख करता येत नाही. मोबदला म्हटले, तर विद्येचे मोजमाप काय, हा प्रश्न पुढे दत्त म्हणून उभा राहतो.

त्याच दक्षिणा-निधीतून पुढे महाविद्यालयांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे अशा फेलोंपैकी एक होते. त्यांच्या चरित्रातील दोन गोष्टी प्रस्तुत विषयाला इतक्या लागू पडतात की त्या येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १८७४ साली लंडनला प्राच्यविद्यापंडितांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिचे निमंत्रण भांडारकरांना होते. घरच्या अडचणींमुळे त्यांना जाता आले नाही. त्यांनी नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवर निबंध लिहिला आणि तो धाडून दिला. पुढे १८८६ साली व्हिएन्ना येथे तशीच परिषद भरली, त्या वेळी ते डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते, आणि मुंबई सरकारने त्यांना आपल्या वतीने तेथे पाठविले. एकदा ते गेले नाहीत, पण त्यांची विद्या गेली. दुसऱ्यांदा विद्या आणि विद्वान दोघेही गेले. १९१९ साली पुण्यास, त्यांच्याच नावाच्या संशोधन मंदिरात, अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. दूरच्या सभेला जाणाऱ्यांची सार्थकता कशात, याचे यापेक्षा चांगले उत्तर मला माहीत नाही. त्यांच्या घरच्या अंगणात एक दिवस सभा भरली, आणि ज्यांना व्हिएन्ना कधीच परवडली नसती अशांनाही तिचे दार उघडे झाले.

दुसरे उदाहरण बंगालमधले. १९२४ साली ढाका विद्यापीठातील एक तरुण अध्यापक, सत्येंद्रनाथ बोस, यांनी आपला एक छोटा निबंध बर्लिनला आइन्स्टाइन यांच्याकडे पाठविला. आइन्स्टाइननी तो स्वतः जर्मन भाषेत आणून प्रसिद्ध करविला व बोस यांना एक पोस्टकार्ड लिहिले. त्या कार्डाच्या बळावर ढाका विद्यापीठाने बोस यांना दोन वर्षांची परदेशी अध्ययनाची रजा दिली. ते पॅरिसला आणि पुढे बर्लिनला राहून परतले. येथे क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी काम झाले, मग ओळख झाली, मग प्रवास झाला. आज आपल्याकडे हा क्रम कित्येकदा उलटा होतो. आधी प्रवास ठरतो, मग त्याला शोभेल असा निबंध लिहिला जातो, आणि ओळख राहूनच जाते.

असे का होते, याचे कारण केवळ माणसांच्या स्वभावात शोधणे अन्यायाचे होईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत अध्यापकाच्या संशोधनाचे मूल्यमापन करणारे एक कोष्टक आहे. त्यानुसार परदेशातील आंतरराष्ट्रीय परिषदेत व्याख्यान दिले वा निबंध वाचला तर ७ गुण, भारतातील आंतरराष्ट्रीय परिषदेत ५, राष्ट्रीय परिषदेत ३, आणि राज्य वा विद्यापीठ पातळीवर २. हे गुण नेमणुकीच्या आणि बढतीच्या वेळी उपयोगी पडतात. तोच निबंध पुण्यात वाचला तर दोन आणि सिंगापुरात वाचला तर सात! निबंधाचा अर्थ समुद्र ओलांडल्याने बदलत नाही, हे कोष्टक करणाऱ्यांनाही ठाऊक असणार. परंतु अर्थ मोजता येत नाही, आणि अंतर मोजता येते. जे मोजता येते त्याला महत्त्व येते, आणि ज्याला महत्त्व येते त्याच्यामागे माणसे धावतात. मग शुल्क घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्या परिषदा उगवतात. एकाच सकाळी चार दालनांत चाळीस निबंध वाचले जातात, आणि प्रत्येक दालनात पुढच्या निबंधाचा लेखक तेवढा आपल्या पाळीची वाट पाहत बसलेला असतो.

तथापि गुणांची थट्टा करणे सोपे आहे, म्हणून दुसरी बाजूही मांडली पाहिजे. गुण नव्हते तेव्हा काय होते? तेव्हा मर्जी होती. प्राचार्यांच्या जवळचा असेल त्याला रजा मिळे, विभागप्रमुखाच्या विरोधात बोललेल्याचा अर्ज टेबलाच्या खणात राही, आणि त्याविरुद्ध दाद कोठे मागावी हे कळत नसे. आपल्यापैकी जे सरकारी नोकरीत आहेत त्यांना हे वेगळे सांगावयास नको. आकडा निर्जीव असतो, पण तो तोंड पाहत नाही. ज्याला गावात वजन नाही, ज्याचे कोणी नातलग समितीवर नाहीत, त्याला कोष्टकातला एक गुणही आधार वाटतो. म्हणून कोष्टक फाडून टाका आणि विवेकावर सोपवा, असे म्हणताना, कोणाच्या विवेकावर, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. बलवानाच्या विवेकापेक्षा दुर्बलाला नियम बरा वाटतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

माझा आक्षेप गुणांच्या अस्तित्वाला नसून त्यांच्या आंधळेपणाला आहे. भारतीय विज्ञान परिषदेचे पहिले अधिवेशन १९१४ च्या जानेवारीत कलकत्त्यास भरले, तेव्हा तेथे १०५ शास्त्रज्ञ जमले होते आणि ३५ निबंध वाचले गेले. म्हणजे दर निबंधामागे तीन माणसे! बहुसंख्य लोक ऐकण्यासाठी आले होते, हे उघड आहे. आज प्रवास-साहाय्याच्या योजना सामान्यतः अशी अट घालतात की अर्जदाराचा निबंध स्वीकारला गेलेला असावा. आणि वरच्या कोष्टकात ऐकण्याला एकही गुण नाही. ज्याला सांगावयाचे आहे त्याने जावे, ज्याला शिकावयाचे आहे त्याने घरी बसावे, असा याचा अर्थ होतो. अध्यापकाच्या विकासासाठी म्हणून काढलेल्या पैशाने हे करावे, ही विसंगती लहान नाही. ज्याच्याजवळ सांगण्यासारखे अजून काही नाही, पण ऐकण्याची भूक आहे, त्या तरुण अध्यापकाला परिषदेची गरज सर्वांत अधिक असते.

येथे कोणी म्हणेल की आता प्रवासाचीच आवश्यकता काय? २०२० साली साथीमुळे सर्व दारे बंद झाली, तेव्हा परिषदा पडद्यावर भरू लागल्या. खर्च नाही, दगदग नाही. जाहिरात पाहून नाव नोंदवावे, शेवटी प्रश्नावली भरावी की प्रमाणपत्र घरपोच. त्या वर्षी कित्येक अध्यापकांजवळ प्रमाणपत्रांची एवढी रास पडली की पूर्वी आयुष्यभरात पडली नसती. व्याख्याने ऐकण्यापुरता तो मार्ग उत्तमच आहे, आणि दूरच्या गावातील अध्यापकाला त्याने जे दिले ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु देशाटन, विद्वानांची मैत्री आणि सभेतील वावर यांनी चातुर्य येते, असे सांगणारी जी आर्या आपण सर्वांनी शाळेत घोकली, तिच्यात या गोष्टी शास्त्रग्रंथांच्या वाचनापासून वेगळ्या सांगितल्या आहेत. ग्रंथ घरी वाचता येतो. मैत्री घरी बसून होत नाही. व्याख्यान संपल्यावर चहाच्या टेबलाशी जो भीत भीत प्रश्न विचारला जातो, आणि ज्याचे उत्तर देताना मोठा माणूसही ‘हे मला ठाऊक नाही’ असे म्हणून जातो, त्या क्षणासाठी प्रवास करावयाचा असतो. त्या आर्येत एक उणीव मात्र आहे. देशाटनाचा खर्च कोणी करावा, हे ती सांगत नाही.

तो खर्च कोणी करावा आणि कोणासाठी, याचा विचार केला म्हणजे विषमतेचा प्रश्न पुढे येतो. समजा, एका संस्थेजवळ वर्षाकाठी तीनच अध्यापकांना पाठविता येईल एवढा निधी आहे आणि अर्ज अनेक आहेत. एक अर्ज महानगरातील नामवंत प्राध्यापकाचा आहे. त्याचा निबंध सर्वांत सरस आहे. दुसरा तालुक्याच्या गावातील अध्यापकाचा आहे. त्याच्या विषयाचा तोच एकटा शिक्षक, गावात त्या विषयावर बोलायला दुसरा माणूस नाही, आणि निबंध बेताचा. तिसरा तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या तरुणीचा आहे. जेवढे तास घेईल तेवढेच मानधन, आणि नियमित नोकर नसल्यामुळे बहुतेक योजनांच्या चौकटीत ती बसतच नाही. त्यातच साहाय्याची रीत पुष्कळ ठिकाणी अशी, की आधी पदरचा खर्च करावा, मग पावत्या जोडाव्यात आणि मग परतफेडीची वाट पाहावी. ज्याच्या घरी चार महिने अडकवून ठेवण्याजोगे पैसे आहेत, त्यालाच हे साहाय्य साहाय्य वाटते. ज्याला त्याची खरी गरज, त्याला ते उसनवारीचे निमंत्रण होते.

गुणवत्तेने द्यावे की गरजेने, हा न्यायाचा जुना प्रश्न आहे आणि तो मी सोडविला असा माझा दावा नाही. परंतु या विशिष्ट बाबतीत माझा कौल दुसऱ्या आणि तिसऱ्या अर्जाकडे आहे, आणि त्याला कारण आहे. पारितोषिक गुणवत्तेला द्यावे. पण प्रवास-साहाय्य हे पारितोषिक नव्हे. त्याचा हेतू माणसाला समानधर्मीयांच्या सहवासात नेण्याचा आहे. नामवंत प्राध्यापकाला तो सहवास शेजारच्या खोलीत मिळतो. परिषद त्याला एक भर आहे. गावातील अध्यापकाला ती वर्षातील एकमेव संधी असते. आपण जे परप्रांतात नोकरी करीत आहोत, त्यांना हे समजण्यास फारसे पांडित्य नको. दिवसभर परक्या भाषेत टिपणे लिहून थकल्यावर, शहराच्या दुसऱ्या टोकाला मंडळाच्या खोलीत मराठी बोलायला मिळेल म्हणून दोन बसगाड्या बदलून जाणारी माणसे आपल्यात आहेत. आपली भाषा जशी एकट्याने बोलता येत नाही, तशीच विद्याही एकट्याने फार दिवस टिकत नाही. एकटा पडलेला शिक्षक प्रथम वाचणे सोडतो, मग शंका घेणे सोडतो, आणि शेवटी जुन्या वहीतून तीच टिपणे वर्षानुवर्षे सांगत राहतो. त्याला वर्षातून एकदा बाहेर नेणे ही चैन नव्हे.

तरी भूक आहे म्हणून घेतलेले अन्न फुकटचे ठरत नाही. या साऱ्या व्यवहारात एक तिसरा पक्ष आहे, ज्याची सही कोणत्याही कागदावर नसते. तो म्हणजे वर्गात बसलेला विद्यार्थी. अध्यापक चार दिवस परिषदेला गेला की त्याचे तास रिकामे जातात. बदली व्यवस्था कागदावर असते. प्रत्यक्षात मुले मैदानात असतात. करदात्याचा पैसा आणि विद्यार्थ्याचा तास अशा दोन गोष्टी त्या प्रवासात खर्च होतात. पहिलीचा हिशेब लेखा-विभाग घेतो, दुसरीचा कोणीच घेत नाही. अनुदान घेणारी संस्था वर्षाअखेर विहित नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र पाठवते : रक्कम ज्या कारणासाठी मंजूर झाली त्याच कारणासाठी खर्च झाली. त्या शब्दांखाली जबाबदार अधिकारी सही करतो. पण उपयोग झाला की नाही, हे खरे तर त्या वर्गातील मुलांनी सांगावयाचे आहे.

यावर उपाय म्हणून असे सुचविता येईल की, परत आलेल्या अध्यापकाने एक तास सर्व विद्यार्थ्यांसाठी आणि सहकाऱ्यांसाठी खुला ठेवावा आणि काय पाहिले, काय ऐकले, कोणत्या बाबतीत आपले मत बदलले, ते सांगावे. सूचना चांगली आहे. पण ती सक्तीची केली की काय होईल तेही मला दिसते. एक नवा नमुना निघेल, त्यावर श्रोत्यांच्या सह्या लागतील, छायाचित्र जोडावे लागेल, आणि दोन वर्षांत तो तासही प्रमाणपत्रांच्या राशीत जाऊन पडेल. काही कर्तव्ये अशी असतात की ती लादली की मरतात. त्यांना नियमाच्या बाहेरच जगू द्यावे लागते.

म्हणून शेवटी मी आपल्या जुन्या ऋणकल्पनेकडे वळतो. मनुष्य देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे अशी तीन ऋणे घेऊन जन्माला येतो, असे आपल्याकडे मानीत आले. त्यांपैकी ऋषिऋण द्रव्याने फिटत नाही. ते अध्ययनाने आणि अध्यापनाने, म्हणजे मिळालेली विद्या पुढे दिल्यानेच, फिटते. धर्मश्रद्धेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी या कल्पनेतील हिशेबाची सूक्ष्मता मला मोलाची वाटते. परिषदेच्या साहाय्याला दान म्हणावे, हक्क म्हणावे की मोबदला, या त्रिकोणातून ती वाट काढते. ते ऋण आहे. ज्याने दिले त्याला ते परत करावयाचे नसते. म्हणून तो मोबदला नव्हे. परत न करता सुटकाही नाही. म्हणून ते दान नव्हे. आणि ज्याला फेडण्याची इच्छा नाही त्याला ते घेण्याचा अधिकार नाही. म्हणून तो निव्वळ हक्कही नव्हे.

हे केवळ प्राध्यापकांना सांगून आपली सुटका होत नाही. दौऱ्यावर आपणही जातो, प्रशिक्षणाला आपणही जातो. नेमके ज्या शहरात नातलगांकडे लग्नकार्य असते तेथेच कचेरीचे काम निघाल्याची उदाहरणे कोणत्याही खात्यात थोडीफार असतील. बिल तेथेही पास होते, आणि पास होण्यासारखेच असते. लेखापरीक्षक येतो, कागद पाहतो, हिरव्या शाईची खूण करतो आणि जातो. त्याची खूण एवढेच सांगते की सरकारचे आपल्याकडे काही येणे नाही. ज्या वर्गाचा तास बुडाला, ज्या माणसाचा अर्ज आपल्यामुळे मागे राहिला, त्यांचे येणे त्या खुणेने फिटत नाही. ते प्रत्येकाने परत आल्यावर आपापल्या जागी बसून फेडावयाचे असते.